बिऱ्हाडगाडीचे मालक

भाईंदरजवळच्या गोडदेवला आमचे जे घरमालक होते, त्यांच्याकडे भाड्यानं देण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक सहा खोल्यांची बैठी चाळ आणि दुसरी एक मोटार. खोली मागायला गेलेल्या माणसाकडे ते धड बघतही नसत. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात पेंढा रचत होते. यांनी सांगायला सुरुवात केली, "मी स्टीलच्या कारखान्यात फिटर आहे, बायको शाळेत शिकवते, आम्ही मूळचे राजापूरकडचे..." मालकांनी मान न वळवताच म्हटलं, "चवथी खोली मोकली हाय. चावी दाराला हाय." झाली चौकशी. मोटार मागायला येणाऱ्याची मात्र ते जी परीक्षा घेत, तशी मी मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी घेतलेलीही पाहिली नाही.

ही मोटार म्हणजे पूर्वी कुठला तरी फिरता दवाखाना होता. मालकांनी ती लिलावात घेतली तेव्हा तिला आतून फिनेलचा वास येत होता आणि तो पुढे कधी पूर्ण गेला नाही. तिच्यात त्यांनी स्वतःच्या हातानं बिऱ्हाड थाटलं. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, मधे फळ्या टाकल्या की चारजणांची झोपायची सोय. मागच्या दाराजवळ पत्रा ठोकलेला कोनाडा, त्यात स्टोव्ह. टपावर पाण्याचं पिंप, त्याची नळी आत आणलेली आणि तिला पितळी तोटी. डोक्यावर भांड्यांची फळी. बाहेरून चाळीच्या दारांना लावून उरलेला निळा रंग. गाव तिला बिऱ्हाडगाडी म्हणायचं. मालक नुसतं "गारी" म्हणायचे. त्यांच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि मिठागर मिठागरच राहतं.

तेव्हा अशी गाडी दुसरीकडे कुठे मिळत नसे. त्यामुळे मुंबईहून, ठाण्याहून, पार वसईहूनही लोक पत्ता विचारत येत. कोणाला म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन देवदर्शन करायचं असे, कोणाला हॉटेलातलं अन्न चालत नसे, कोणाला नुसतंच हिंडायचं असे. मालक सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि सांगायचे, "आइतवारी या. सगली या. शिधा घेऊन या."

रविवारी ती मंडळी आली की मालक त्यांना अंगणात चिंचेखाली उभ्या असलेल्या गाडीत बसवत आणि दार लावून घेत. गाडी सुरू करत नसत. त्या कुटुंबानं सूर्य वर आल्यापासून मावळेपर्यंत त्या उभ्या गाडीत राहायचं, आतच स्वयंपाक करायचा, आतच जेवायचं, दुपारी आतच आडवं व्हायचं. मालक बाहेर खाटेवर गाडीकडे पाठ करून बसत. आतलं काही बघायचं नाही हा त्यांचा नियम होता. पण ऐकायचे सगळं. मावळतीला ते उठून दार उघडत आणि निकाल सांगत. "मंगलवारी निगू" म्हणाले तर गाडी मिळाली. "जेवून जा" म्हणाले तर नाही मिळाली.

"खोलीच्या भाडोत्र्यांना का नाही हो असं बसवत?" मी एकदा विचारलं होतं.

"खोलीतून मानूस भांडून भाईर जातो, चार घटका फिरून परत येतो," ते म्हणाले. "गारीतून कुटं जाईल?"

लढाईच्या काळात ते आसामकडे लष्करी ट्रक चालवत. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एवढंच एकदा सांगितलं की त्यांच्या पुढच्या ट्रकमधले दोन ड्रायव्हर भांडत भांडत वळणावरून सरळ गेले. "रस्ता चांगला होता," ते म्हणाले आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेले.

भाईंदर पश्चिमेचे एक किराणा व्यापारी नाथद्वाराला जायचं म्हणून आले होते. भला माणूस. बायको, आई, दोन मुली. दिवसभर गाडीतून त्यांचा एकट्याचाच आवाज येत होता. मीठ कमी आहे, पंखा दे, अशी बस, तशी बसू नको. संध्याकाळी मालकांनी त्यांना हिंदीत सांगितलं, "सेठ, आप अच्छा आदमी है. लेकिन ये गाडी में पाच आदमी बैठा था, हमकू एकच सुनाई दिया." सेठ रागावले नाहीत. जेवूनही गेले. पुढच्या वर्षी परत आले, तेव्हा त्यांना गाडी मिळाली. सेठाणीनं आमच्या खोलीत येऊन मला सांगितलं, की वर्षभर ते घरी रविवारचे गप्प बसायची सवय करत होते.

उलट एकदा उत्तनजवळच्या चौक गावातलं एक कोळी कुटुंब आलं. सातजण. त्यांना गोव्याला जायचं होतं. सकाळपासून त्या गाडीत असा काही आरडाओरडा चालला होता, की आमच्या चाळीतली सगळी बाहेर येऊन उभी राहिली. भांडी पडत होती, कोणी कोणाच्या सात पिढ्या काढत होतं. मला वाटलं, त्या सगळ्यांना दुपारीच उतरवणार. मावळतीला मालकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "मंगलवारी निगू." यांना राहवलं नाही. "मालक, अहो, दिवसभर भांडत होते ते!" मालक म्हणाले, "भांडत न्हवते. त्यांचं बोलनंच तसं हाय. भांडन मला कलतं."

गाडी ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत, स्वतः चालवत. चालवण्याआधी वहाणा काढत. रोज पहाटे चारी चाकं अंगठ्यानं दाबून बघत, म्हशीची कास बघावी तशी. चालवताना बोलायचं नाही; बोलायचं असेल तर गाडी थांबवायची, बोलायचं, मग पुढे निघायचं. मुक्कामाला ते गाडीखाली ताडपत्री टाकून झोपत. बरोबर घरच्या मिठागरातल्या मिठाचं एक पोतं असे. ज्याच्या विहिरीवर पाणी भरलं, ज्याच्या शेतात गाडी उभी केली, त्याला ओंजळभर मीठ द्यायचं. कायद्यानं ही गाडी भाड्यानं देता येत होती की नाही, मला आजही माहीत नाही. चौकीवर कोणी विचारलं तर आत बसलेले सगळे त्यांचे साडू असत. त्यांच्या साडूंमध्ये गुजराती होते, मद्रासी होते, एक पारशी म्हातारा-म्हातारीही होती.

त्यांची बायको, जिला आम्ही काकी म्हणायचो, मालकांपेक्षा वीतभर उंच होती. मालक ठेंगणे, रुंद. दोघं शेजारी उभी राहिली की अनोळखी माणूस हसू दाबायचा. काकी कामाला वाघ होती. भात लावणं, कापणं, मिठागरावर मजूर सांभाळणं, सगळं तिच्याकडे. पण ती त्या गाडीच्या जवळपासही जात नसे. अंगण झाडताना गाडीभोवती एक गोल सोडून झाडायची. तो केर मालक स्वतः झाडत.

मला वाटायचं, गाडीवर पैसे घातले म्हणून तिचा राग असेल. चार वर्षं त्या चाळीत काढल्यावर एका दुपारी खरं काय ते कळलं. आम्ही दोघी तिच्या पडवीत वाल सोलत बसलो होतो. सुट्टी होती. मी सहज म्हटलं, "काकी, तुम्ही नाही का कधी गेलात गाडीतून? एवढं जग फिरवलं तिनं लोकांना."

काकी वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "गारी माज्यासाठीच केलेली. तुला कोनी सांगला न्हाय?"

लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं जन्म सपाटीवर काढला होता. एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला मिठाची, पुढे खाडी. मालक लढाईवरून आल्यावर घाटांच्या गोष्टी सांगत: गाडी वर वर जाते, खालचा रस्ता दोरीसारखा दिसतो, ढग खाली राहतात. काकी म्हणाली होती, मला उंचावरून खाली बघायचं आहे. एकदाच. मालकांनी ते मनावर घेतलं. पण नवराबायको बिऱ्हाड सोडून कुठे उतरणार, कुठे जेवणार? म्हणून त्यांनी बिऱ्हाडच बरोबर न्यायचं ठरवलं. दोन वर्षं ते लाकूड तासत होते.

गाडी तयार झाली. पहाटे निघायचं ठरलं. आदल्या दिवशी मालक म्हणाले, एक दिवस उभ्या गाडीत राहून बघू, काय कमीजास्त आहे ते कळेल. पहिली परीक्षा ती. काकीनं आत स्टोव्ह पेटवला, कालवण टाकलं. भांड्यांची फळी मालकांनी स्वतःच्या मापानं बसवली होती. काकीचं डोकं तिच्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा ती म्हणाली, ही गाडी तू तुझ्या मापानं केली आहेस. मालक म्हणाले, वाकून चालायला काय होतं. काकी म्हणाली, जन्मभर वाकलेच आहे. मग सगळंच निघालं. त्यांची आई, तिचे भाऊ, लढाईतली पाच वर्षं, ज्यात तीन वर्षं कागदाचा तुकडा आला नव्हता. दुपार व्हायच्या आत काकीनं पळी फेकली आणि ती मालकांच्या कपाळाला लागली.

"मंग?" मी विचारलं. माझ्याही तोंडात तिची बोली यायला लागली होती.

"मंग यो बोलला, आपून जाऊ शकत न्हाय. असं भांडत गेलो तं वलनावरून सरल जाऊ." काकीनं वालाची टोपली खाली ठेवली. "मी उतरले. त्याला आता आठ वर्सां झाली."

मग काकीच म्हणाली, "तुमी गारी मागा."

"आम्ही?"

"तुमी मागा. नवरा-बायको-पोर. चौथी तुमची कोन तरी बाई हाय बोला. पोरीला सांभालाला."

मी घाबरले, हे कबूल करते. चाळीत खोली मिळणं तेव्हाही सोपं नव्हतं. मालकांच्या मनाविरुद्ध काही झालं आणि त्यांनी खोली सोडायला सांगितली तर? यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू काय बोलतेयस कळतंय का तुला? नवराबायकोच्या भांडणात भाडोत्री कशाला?" दोन दिवस आमचं यावर चाललं होतं. तिसऱ्या दिवशी हेच कारखान्यातून आले आणि हातपाय न धुता मालकांकडे गेले. परत येऊन म्हणाले, "रविवारी या म्हणाले. कुठे जायचंय विचारलं, मी सांगितलं कसाऱ्याचा घाट. मग विचारलं, चौथं कोण. मी सांगितलं, एक बाई आहे." पुढे मालकांनी काही विचारलं नव्हतं.

रविवारी आम्ही शिधा घेऊन अंगणात उभे राहिलो. मी, हे, आमची चार वर्षांची मुलगी. मालक खाटेवरून उठले, दार उघडलं. तेवढ्यात काकी घरातून बाहेर आली. धुतलेलं लुगडं, हातात कळशी. कोणाकडे न बघता ती सरळ चालत आली आणि गाडीत चढली. मालक दाराची कडी धरून उभे होते. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यांनी कडी लावली, खाटेवर जाऊन पाठ करून बसले.

आत गेल्यावर काकी फळीखाली उभी राहिली. मान न वाकवता. फळी तिच्या डोक्यावर चार बोटं होती. तिनं हात वर करून ती चाचपली. मी बघितलं, फळीच्या खाली पत्र्यावर जुन्या स्क्रूची भोकं होती, लांबीनं बुजवलेली, वरून निळा रंग दिलेला. लांबी पिवळी पडली होती, रंगाला तडे गेले होते. काल-परवा केलेलं काम नव्हतं ते. काकीनं त्या भोकांवरून एकदा बोट फिरवलं आणि स्टोव्ह पेटवायला बसली.

दिवस कसा गेला विचारू नका. आम्ही सगळे देवळात बसल्यासारखे बसलो होतो. मुलीनं दोनदा शू म्हटलं, दोनदा मालकांनी कडी काढली आणि मी तिला बाहेर नेऊन आणलं, तेवढी सूट होती. जेवताना हे "आमटी छान झालीय" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले, की मलाच लाज वाटली. दुपारी कोणाला झोप येईना. तीनच्या सुमाराला यांनी पाय पसरले आणि पाण्याचा तांब्या लवंडला, अंथरुणं भिजली. मी म्हटलं, "बघून तरी पसरावेत पाय." हे म्हणाले, "तांब्या वाटेत कोणी ठेवला?" मी म्हटलं, "वाट आहे कुठे इथे?" हे म्हणाले, "तूच हौसेनं आलीयस ना?" मग माझा आवाज चढला, यांचा चढला, मुलगी रडायला लागली. मधेच काकी म्हणाली, "अरे, गप बसा रं," आणि तीही नुसती बोलली नाही, ओरडली.

एकदम सगळे गप्प झालो. बाहेर खाट करकरली. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. झालं सगळं. मी हळूच म्हटलं, "कदाचित ऐकलं नसेल."

काकी उठली. दाराला बाहेरून कडी होती, तिनं आतून दारावर थाप मारली. "खोल," ती म्हणाली.

मालकांनी दार उघडलं. ती पायरीवर उभी राहिली, त्यामुळे मालकांपेक्षा आणखीच उंच झाली.

"लपवाचं कनाला?" ती म्हणाली. "ही दोघं भांडली. मी पन ओरडले. तू ऐकलास. आता सांग, निगाचं का जेवून जाव?"

मालक तिच्याकडे बघत होते. चाळीतली दोनचार माणसं दारात आली होती. सूर्य अजून बराच वर होता. निकालाची वेळ झाली नव्हती. मालकांनी तोंडावरून एकदा हात फिरवला, वळले आणि गोठ्यामागे गेले. आम्ही तसेच उभे. मला वाटलं, ते रागावून शेतावर निघून गेले. पण ते परत आले, हातात हवा भरायचा पंप घेऊन. पुढच्या डाव्या चाकाजवळ बसले आणि हवा भरायला लागले. चारी चाकं झाली. मग टपावर चढून पिंपाचं झाकण उघडून बघितलं. मग आपल्या वहाणा काढून चाकाजवळ ठेवल्या.

"आताच?" हे म्हणाले. "मालक, माझी रजा मंगळवारपासून आहे."

"मंग मंगलवारी," मालक म्हणाले आणि वहाणा पुन्हा पायांत घातल्या.

मंगळवारी आम्ही निघालो. घोडबंदर रस्त्यानं ठाणं, पुढे भिवंडी. ठाणं येईपर्यंत काकीनं पुढच्या पत्र्यावर थापा मारून नऊ वेळा गाडी थांबवली. मालक थांबवायचे, उतरून मागे यायचे. "काय?" "ती बाई डोक्यावर काय नेते?" "गवत." "बरं." गाडी पुढे. थोड्या वेळानं परत थाप. हे कपाळाला हात लावून बसले होते. भिवंडीच्या पुढे थापा कमी झाल्या. शहापूरला मुक्काम केला, एका शेतकऱ्याच्या खळ्यात. त्याला मीठ दिलं. त्याची बायको म्हणाली, मीठ जाडं आहे. काकी तिला अर्धा तास मिठाची प्रतवारी समजावत होती.

घाट सुरू झाला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. काकी बोलायची थांबली. खिडकीच्या जाळीला नाक लावून बसली. दोन वळणं गेली, तीन गेली. मग तिनं थाप मारली. मालकांनी गाडी कडेला लावली, चाकांमागे दगड ठेवले. काकी उतरली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली.

खाली रस्ता दिसत होता. ज्यावरून आम्ही आलो तो. त्याच्यावर एक ट्रक वर चढत होता, आगपेटीएवढा. दरीत झाडं, त्यापलीकडे तपकिरी शेतं, लांबवर धूर. मला घाट नवा नव्हता; मी कोकणातली, आमच्याकडे चढउताराशिवाय काही नाही. पण मी काकीकडे बघत होते. तिनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. भीतीनं की कशानं, मला सांगता येणार नाही. मालक गाडीपाशी थांबले होते. मग ते हळूहळू गेले आणि तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून उभे राहिले. त्यांनी बोटानं काहीतरी दाखवलं. तिनं मान हलवली. तिनं काहीतरी दाखवलं, त्यांनी मान हलवली नाही. ते काय बोलत होते ते आम्हाला ऐकू आलं नाही आणि आम्ही ऐकायला गेलोही नाही. आम्ही गाडीच्या सावलीत चुरमुरे खाल्ले. तास तरी गेला असेल.

इगतपुरीला दोन दिवस राहून परत फिरायचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुमी आगगारीनं जाल काय?" मला हसू आलं. मालकांनी आम्हाला स्टेशनवर सोडलं. आमची वळकटी स्वतः उतरवली. यांना म्हणाले, "घरी सांग, आठ दिसांत येतंव." मग ते चालवायला बसले आणि काकी मागे न चढता पुढे, त्यांच्या शेजारी बसली. गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली.

आठ दिवसांचे अठ्ठेचाळीस झाले. मिठाचा हंगाम सुरू झाला. त्यांचा मोठा मुलगा, जो तोवर कधी आईवडिलांसमोर मान वर करून बोलला नव्हता, रोज आमच्या खोलीशी येऊन यांना म्हणायचा, "तुमी नेली, तुमी आना." एक पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: बरे आहोत, गाईला सरकी घालणे. कुठून लिहिलं ते शिक्क्यावरून कळेना. मग एका दुपारी, काही न कळवता, निळी गाडी अंगणात येऊन चिंचेखाली उभी राहिली. दोघं काळी पडली होती. मालकांनी दाढी वाढवली होती. काकी उतरली, तिनं कोपऱ्यातला खराटा घेतला आणि वाळलेली पानं झाडायला लागली, गाडीच्या चाकांपर्यंत, गाडीखालीसुद्धा.

मालक त्यानंतर बदलले असं लिहायचा मोह होतो, पण ते बदलले नाहीत. रविवारच्या परीक्षा तशाच चालू राहिल्या, तितक्याच कडक. उलट पुढच्याच महिन्यात त्यांनी एका डॉक्टरांच्या कुटुंबाला इतक्या क्षुल्लक कारणावरून नाकारलं, की काकीनंच त्यांना जेवताना जास्तीचा मासा वाढला. फरक एवढाच, की दरवर्षी भात घरात आलं की बिऱ्हाडगाडी महिनाभर कोणालाही मिळत नसे. ती दोघं जात. कुठे जातात, गावात कोणाला नीट माहीत नसे.

आम्ही पुढे डोंबिवलीला जागा घेतली आणि ती चाळ सोडली. निघताना मालकांनी यांना मिठाची एक पिशवी दिली. मला म्हणाले, "खोली चांगली ठेवली." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

ते गेल्याचं मला एका जुन्या शेजारणीकडून उशिरा कळलं. गाडी धुता धुता गेले म्हणे, दुपारचे. मी काकीला भेटायला गेले तेव्हा आजूबाजूची शेतं अर्ध्याहून अधिक विकली गेली होती. लोक प्लॉट मोजत हिंडत होते. चाळ होती, चिंच होती, पण गाडी नव्हती. मुलानं ती कोणाला तरी विकली होती. काकी पडवीत बसली होती. वाकली नव्हती, पण बारीक झाली होती. मी शेजारी बसले.

"गाडी विकली?" मी विचारलं.

"चालवनार कोन?"

मग मला राहवलं नाही. इतक्या वर्षांची उत्सुकता होती. "काकी, एवढं फिरलात तुम्ही दोघं. खरं सांगा, गाडीत भांडायचात की नाही?"

"रोज," काकी म्हणाली.

"कशावरून?"

"रस्त्यावरून. फाटा आला का तो बोलाचा डावीकरं, मी बोलाची उजवीकरं."

"मग जायचात कुठे?"

"डावीकरं. हाकत तो होता ना." काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि पाय लांब केले. "पन येताना माज्या रस्त्यानं."